क्वीनीचं विलायती सेंट

म्हशीसाठी विलायती सेंट शोधत फिरणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने बघतात, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने मला विचारावं. मी विमा कंपनीत सीनियर क्लार्क आहे. शाळेत मला रसायनशास्त्राचं बक्षीस मिळालं होतं. अंधेरीजवळच्या आमच्या मरोळ गावठाणात लोक मला ‘जयवंतराव’ म्हणतात, निदान त्या रविवारपर्यंत तरी म्हणत होते. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला तोंड राहील असं वाटत नाही.

म्हैस आमची नव्हे, आमच्या घरमालकीण हिल्डाबाईंची. ज्या वर्षी विलायतेत नवी राणी गादीवर बसली त्या वर्षी ती घरात आली, म्हणून तिचं नाव क्वीनी. घराच्या पुढच्या भागात हिल्डाबाई आणि त्यांची मुलगी लुसी, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको मालन, आणि भिंतीपलीकडे गोठ्यात क्वीनी, अशी वाटणी होती. भिंत इतकी पातळ की क्वीनी शिंकली तरी मालन माझ्याकडे बघायची. आसपासच्या चार घरांचा सकाळचा चहा क्वीनीच्या मर्जीवर होता.

ती मर्जी ईस्टरनंतर फिरली. लुसीचं बर्नार्डशी लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या नोकरीच्या गावी बहारीनला निघून गेली. क्वीनीचं पारडू जगलं नाही, तेव्हापासून तिची धार लुसीच काढायची आणि क्वीनी तिच्याच हाताला पान्हा सोडायची. लुसी बोटीवर चढली आणि इकडे क्वीनीने दूध चोरायला सुरुवात केली. हिल्डाबाई बादली घेऊन बसायच्या, ओढून ओढून बोटं दुखवून घ्यायच्या, आणि उठायच्या तेव्हा बादलीचं बूडही नीट भिजलेलं नसायचं.

हिल्डाबाईंचा धाकटा भाऊ इग्नेशियस वांद्र्याला राहतो. तो एका रविवारी चर्च सुटल्यावर आला, गोठ्यात डोकावला आणि ओट्यावर बसून त्याने निकाल दिला.

“हिल्डा, ही म्हस आता विकून टाक. भाकड जनावर किती दिस पोसशील? नि तू एकटी हितं काय करशील? घराला कुलूप लाव नि माज्याकडं चल. म्हयनाअखेरच्या रविवारी मी गिऱ्हाईक घेऊनच येतो.”

हिल्डाबाईंकडे बघून मला भय वाटलं. पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चुका त्यांना चर्चच्या पायऱ्यांवरच ऐकवणारी ही बाई. ती भावासमोर मान खाली घालून फ्रॉकची शिवण उसवत बसली होती. मालनच्या दुखण्यात तिचं पथ्यपाणी हिल्डाबाईंनी केलं होतं, आणि मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून माळ जपली होती, ती मी हिंदू आहे हे माहीत असून. त्या घराला कुलूप लागलेलं मला बघवलं नसतं. मी तेव्हाच ठरवलं की क्वीनी पुन्हा दूध देईल, आणि ते मी तिला द्यायला लावीन.

असं काही ठरवलं की पहिल्यांदा शेजाऱ्यांना कळतं. समोर दशरथ राहतो, मालवणकडचा, गिरणीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर मागांच्या आवाजात काढल्यामुळे तो खासगीतलं बोलला तरी साऱ्या गावठाणाला ऐकू जातं. तो म्हणाला, “जयवंता, म्हशीक कपड्याची वळख असता. आमच्या गावाक बायल म्हायेराक गेली की घोव तिचा लुगडा नेसान धार काढता. लुसीचो फ्रॉक असात तर म्हातारेक घालूक सांग.”

सल्ला शास्त्रशुद्ध होता, पण एका हिल्डाबाईंत दोन लुसी सहज मावल्या असत्या. शेवटी त्यांनी फ्रॉक नुसता खांद्यांवर पांघरला. क्वीनीने मान वळवून तो ओळखला असावा, कारण तिने त्याची झालर खायला सुरुवात केली. दूध तेवढंच.

मग तो रुमालाचा प्रकार घडला. लुसीने जाताना मालनला आठवण म्हणून एक रुमाल दिला होता. सकाळी गोठ्यात हिल्डाबाईंचा चेहरा घामाने म्हणा, कशाने म्हणा, ओला झालेला मालनला दिसला आणि तिने तोच रुमाल पुढे केला. हिल्डाबाईंनी तोंड पुसलं, रुमाल जरा वेळ नाकाशी धरला, खांद्यावर टाकला आणि पुन्हा धारेला बसल्या. अर्धी बादली भरली.

मी तिथे उभा होतो. रसायनशास्त्राचं बक्षीस असं वाया जात नाही. रुमालाला लुसीच्या सेंटचा वास होता. लुसी रोज पहाटे तयार होऊन, सेंट लावून आधी धार काढायची आणि मग टायपिस्टच्या नोकरीवर जायची. म्हणजे क्वीनीला लुसीची नव्हे, सेंटची ओळख होती. मी हा निष्कर्ष जाहीर केला. मालन “अहो, पण मला वाटतं की...” असं काही म्हणत होती, मी तिला हा विज्ञानाचा विषय आहे असं सांगून थांबवलं.

पुढे दोनतीन सकाळी रुमालाने काम केलं. पण वास उडत चालला होता, आणि मौल्यवान वस्तू जपून ठेवायची आमच्या घराण्याची एक पद्धत आहे. आजोबांची शालजोडी, वडिलांचा लग्नाचा फेटा, सगळं आम्ही तसंच जपलं. मी रुमाल नीट घडी करून ट्रंकेत डांबरगोळ्यांमध्ये ठेवला. दुसऱ्या सकाळी हिल्डाबाईंनी तो नाकाशी नेला आणि त्यांना शिंका सुरू झाल्या, त्या जेवणापर्यंत थांबल्या नाहीत.

तेव्हा आता मूळ सेंट मिळवणं आलं. त्याचं नाव ‘जून बुके’. हिल्डाबाई एका गोऱ्या मॅडमचं शिवणकाम करायच्या, ती मॅडम देश सोडताना एक अख्खं खोकं लुसीला देऊन गेली होती. लुसीने ते वर्षानुवर्षं पुरवलं आणि शेवटचे थेंब लग्नात संपवले. एक रिकामी बाटली उरली होती. तिच्यावर एक फळ काढलेलं होतं, एका अंगाने आंबा वाटावा आणि दुसऱ्या अंगाने सफरचंद, आणि भोवती पांढरी फुलं. ती खिशात घालून मी ऑफिस सुटल्यावर फोर्टातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरमागे टाय लावलेला पारशी गृहस्थ उभा होता.

“मिसेससाठी पायजे, साहेब?”

“नाही. म्हणजे घरातल्याच एकीसाठी.”

“कलर कसा हाय? गोरा, सावला?”

“सावळा. तसा काळाच.”

“एज?”

“फार नाही. एक मूल झालं होतं, ते जगलं नाही.”

त्या भल्या माणसाचा आवाजच मऊ झाला. “सॉरी, साहेब. नेचर कसा हाय त्यांचा? शांत हाय?”

“एरवी शांत. पण मनाविरुद्ध झालं की लाथ मारते.”

त्याने हातातली बाटली काळजीपूर्वक फळीवर ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मी माझी रिकामी बाटली पुढे केली. बूच काढून त्याने डोळे मिटून वास घेतला आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, “जून बुके. वरती फ्रूट, खालती फूल. हे तर बंद झाला, साहेब. लढाईनंतर कंपनीने बनवलाच नाय. तुमी सगला फोर्ट फिरा नि लंडन फिरा, नाय मिलनार. ज्या लेडीला हा सेंट पायजे, तिची चॉइस फार ऊंची हाय.” मी क्वीनीच्या वतीने त्याचे आभार मानले.

घरी आलो तर दशरथ ओट्यावर वाट बघत होता. त्याच्या मते विलायती सेंटांत दम नसतो, केवड्याचं अत्तर लावलं तर म्हैस खुळी होईल. त्याने स्वतःच्या लग्नातली कुपी शोधून आणली होती. मी त्यातलं थोडं मनगटांना चोळून क्वीनीजवळ गेलो. दशरथचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. क्वीनी खुळी झाली. तिने खुंटा उपटला, बादली उडवली आणि पेंडीच्या आंबोणाचं घमेलं माझ्या अंगावर उलटं केलं. आंघोळीने आंबोण गेलं, केवडा गेला नाही. ऑफिसात हेडक्लार्कने आपलं टेबल खिडकीकडे सरकवलं आणि मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, वहिनींशी काही खटका उडाला आहे का, अशी वडीलकीने चौकशी केली.

रविवार जवळ येत होता. जे बाजारात मिळत नाही ते घरी करावं, या निर्णयाला मी आलो. वरती फळ आणि खालती फूल, एवढं सूत्र तर मिळालंच होतं. फक्त ही दोन्ही स्पिरिटमध्ये मुरवायला हवीत, आणि स्पिरिट म्हटलं की दारूबंदी आली. मी कायदा पाळणारा माणूस आहे. मी रजा काढून परवान्याच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून वयस्कर आणि सज्जन होते.

“स्पिरिट कशासाठी?”

“सेंट करायला. घरगुती.”

“कोण लावणार?”

दुकानातल्या अनुभवानंतर मी ठरवलं होतं की आता आडवळणाने बोलायचं नाही. “म्हैस,” मी म्हणालो.

त्यांनी टाक खाली ठेवला, चष्मा काढला आणि आवाज उतरवला. “किती वर्षं घेता?”

“काय घेतो?”

“लाजू नका हो. माझे सख्खे मेहुणे आहेत तसे. व्यसन असेल तर डॉक्टरांचं तसं पत्र आणा, रीतसर परवाना मिळतो. म्हशीबिशीचं कारण सांगायची गरज नाही.”

मी घरी आलो. मी चहाशिवाय कशाला शिवत नाही, आणि त्या दिवसांत तर चहाही बिनदुधाचा होता.

मग स्पिरिटावाचून करायचं ठरलं. मालनच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत मी आंब्याच्या फोडी, जामाची फळं आणि अननस घातले, वर सोनचाफा आणि मोगरा सोडला, अर्क नीट उतरावा म्हणून भरपूर साखर आणि पाणी ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी माळ्यावर ठेवली. दिवस मे महिन्याचे. लवकरच बरणी आतून गुडगुडू लागली. मी ते शुभलक्षण मानलं. मालनला म्हणालो, “अर्क बोलतोय.” मालन म्हणाली, “लोणच्याची बरणी होती ती.”

वास आधी आमच्या खोल्यांत होता, मग ओट्यावर आला आणि मग गावठाणभर हिंडू लागला. गावठाणात त्या काळी तो वास सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि कोणीही त्याचं नाव घेत नसे. लोक मला वाटेत थांबून नमस्कार करू लागले. माझ्या संशोधनाची ही दखल पाहून मला बरं वाटलं. दशरथ तर एका संध्याकाळी जवळ येऊन आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. “जयवंता, पयल्या धारेची काढशीत तेव्हा माका इसरा नको.” मी त्याला सांगितलं की धार निघाली तर सगळ्यांनाच मिळेल. तो माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

रविवारी चर्च सुटलं आणि इग्नेशियस आला. बरोबर कुर्ल्याचा एक दलाल होता. त्याने गोठ्याच्या दारातूनच क्वीनीला वरखाली न्याहाळलं, आणि ती नजर दूधवाल्याची नव्हती. हिल्डाबाईंनी दोघांना पाणी दिलं आणि क्वीनीच्या गळ्यातलं मेडल सोडायला घेतलं. पदक संत अँथनीचं होतं. त्यांच्या बोटांना गाठ सापडत नव्हती.

तेवढ्यात धोंडू हवालदार आले. त्यांना कोणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती, त्यांना नाक होतं. वासाच्या मागे ते सरळ आमच्या माळ्यापर्यंत गेले, बरणी उतरवून अंगणात आणली आणि सगळ्यांसमोर फडकं सोडलं. आत कोंडलेला अर्क उसळून त्यांच्या टोपीपर्यंत गेला. अंगणात तोवर अर्धं गावठाण जमलं होतं.

“हे काय आहे?” हवालदारांनी मिशी पुसत विचारलं.

“सेंट आहे,” मी म्हणालो.

“कुणाचं?”

“म्हशीचं.”

“हे बघा साहेब, आजवर मी औषध आहे असं ऐकलं, व्हिनेगर आहे असं ऐकलं, सासऱ्यांचा काढा आहे असंही ऐकलं. म्हशीचं सेंट पहिल्यांदाच ऐकतोय. चला चौकीवर.”

हिल्डाबाई पुढे झाल्या. “हवालदार, तो खोटं बोलत नाय. माज्या म्हशीसाठीच केलंय त्यानं. वास आला की ती दूध देते.”

हवालदारांनी आमच्याकडे, मग क्वीनीकडे पाहिलं. “मग लावून दाखवा. म्हशीने दूध दिलं तर मी हे सेंट समजेन. नाही दिलं तर ही दारू.”

कायद्याच्या पुस्तकात अशी कसोटी असेल असं मला वाटत नाही, पण वाद घालण्याची ती वेळ नव्हती. हिल्डाबाई म्हणाल्या, “मना नको लावू ते, मना ओकारी येईल.” मालन म्हणाली, “ज्यांनी केलंय त्यांनीच लावावं.” दशरथ आत जाऊन लुसीचा झालर खाल्लेला फ्रॉक घेऊन आला, कारण त्याच्या मते वास एकटा काय करणार, कपडा पण हवा. मी शर्टावरून तो फ्रॉक चढवला. तो छातीशी अडला आणि हात वरच राहिले. तशा अवस्थेत दशरथने माझ्या मनगटांना आणि कानांमागे बरणीतलं पाणी चोळलं. अननसाची एक फोड कॉलरमध्ये गेली. मी सीनियर क्लार्क आहे, हे मी त्या वेळी मनात एकसारखं म्हणत होतो.

मी क्वीनीशेजारी टेकलो. धार कशी काढतात हे मी रोज पाहिलं होतं, पण पाहणं आणि काढणं यात फरक असतो. क्वीनीने शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारला. मग तिने मान वळवली, माझा कान हुंगला, आणि आपल्या खरखरीत जिभेने कानामागचं सगळं सेंट चाटून घेतलं. मग दुसरा कान. मला भयंकर गुदगुल्या होतात. मी हसू दाबत, वर केलेल्या हातांनी फ्रॉकमध्ये अडकून, “अहो क्वीनी, नको, अहो ऐका” असं म्हणत मागे कलंडलो आणि शेणात बसलो. म्हशीला अहोजाहो केल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि हिल्डाबाई हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग पोट धरून. लुसी गेल्यापासून त्या घरात असा आवाज झाला नव्हता. त्यांचे डोळे वाहायला लागले. “उठ रे,” त्या कशाबशा म्हणाल्या, “सरक तिकडं. बापजन्मी कुणी अशी धार काढली नसंल.” मला ढकलून त्या माझ्या जागी बसल्या आणि हसताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी कपाळ क्वीनीच्या कुशीला टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. हात सवयीने कासेकडे गेले.

बादलीत धार वाजली. मग दुसरी. हिल्डाबाईंचं हसू ओसरत गेलं तरी धार चालूच होती, फेस वर येत होता, आणि क्वीनी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

हवालदारांनी टोपी काढली. “सेंट आहे,” ते म्हणाले, आणि बरणी स्वतःच्या हाताने शेणखड्ड्यात रिकामी केली. दशरथने मान फिरवली, त्याला ते बघवेना. इग्नेशियसने एकदा बादलीकडे, एकदा बहिणीकडे बघितलं. मग त्याने दलालाला फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाला, “ऱ्हाऊ दे, हिल्डा. म्हस ऱ्हाऊ दे. तू पण ऱ्हा.”

संध्याकाळी मी कान चोळत मालनला समजावत होतो की अर्काचं प्रमाण चुकलं तरी मूळ तत्त्व बरोबर होतं. या वेळी मालनने मला तिला थांबवू दिलं नाही. ती म्हणाली, “अहो, तो वास म्हशीला नको होता. हिल्डाबाईंना हवा होता. रडत रडत धार काढायला बसल्या तर कुठली म्हैस पान्हा सोडेल? रुमालाला लुसीचा वास आला आणि त्यांचे हात सैल झाले. आज हसल्या, पुन्हा सैल झाले. मी तेव्हाच सांगत होते.”

आम्ही पुढच्या ओट्यावर गेलो. हिल्डाबाई एकट्याच बसल्या होत्या. मालन त्यांच्याशेजारी टेकली तशा त्या आपणहून बोलल्या. “पोरगी सुखात हाय, मना ठाऊक हाय. पण सकाळी उठून बोलायचं कुणाशी गं? ती दूध काढायची नि मी दारात उबी ऱ्हाऊन तिला बोलायची. बोलायची म्हंजे शिव्याच द्यायची. आता गोठ्यात गेलं की गळाच भरून येतो.”

“मला द्या की शिव्या,” मालन म्हणाली. “मी येते रोज.”

तेव्हापासून मालन रोज पहाटे गोठ्यात जाते. हिल्डाबाई धार काढतात, ती दारात बसते, आणि दोघींचं बोलणं सुरू होतं. बादली केव्हाच भरलेली असते, पण त्यांचं संपत नाही. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं, माझ्याबद्दलचं तर फारच स्पष्ट. मी एकदोनदा खाकरून पाहिलं. मग हल्ली मी स्वतःच उठतो, स्टोव्ह पेटवतो, बिनदुधाचा चहा करून पितो आणि ऑफिसला जातो.